ऑस्ट्रेलियात रग्बी लीग चालवतं कोण? कमिशन, एनआरएल (नॅशनल रग्बी लीग) की राज्य संघटना?

तेरावा_गडी: कधी बातमी येते ‘कमिशनने नियम बदलला’, कधी ‘एनआरएलने कारवाई केली’, तर कधी ‘क्वीन्सलँडने संघ जाहीर केला’. शेवटचा शब्द कुणाचा? कमिशनला ‘स्वतंत्र’ म्हणतात, ते कुणापासून स्वतंत्र? आणि २०२५ मध्ये मुंबईत झालेली रग्बी प्रीमियर लीग यांच्याच अखत्यारीत येते का?

ओव्हल_बॉल: शेवटचा प्रश्न आधी. नाही. मुंबईतली स्पर्धा सात-सात खेळाडूंची, रग्बी युनियनच्या (पंधरा खेळाडूंच्या रग्बीच्या) घराण्यातली. ती रग्बी इंडियाकडे. रग्बी लीग हा तेरा खेळाडूंचा वेगळा खेळ आहे.

ऑस्ट्रेलियात सर्वोच्च संस्था म्हणजे ऑस्ट्रेलियन रग्बी लीग कमिशन, स्थापना फेब्रुवारी २०१२. एनआरएल ही तिच्याच मालकीची कंपनी, देशातली मुख्य क्लब स्पर्धा चालवणारी. वेळापत्रक, पंच, शिस्तभंग, वेतनमर्यादेची (क्लबने खेळाडूंच्या मानधनावर करायच्या खर्चाच्या कमाल रकमेची) तपासणी हे रोजचं काम एनआरएल करते. धोरण, नवे संघ, मोठे नियमबदल यांवर कमिशनची मोहोर लागते. न्यू साउथ वेल्स आणि क्वीन्सलँडच्या राज्य संघटना कमिशनच्या सदस्य आहेत, क्लबही आहेत. स्टेट ऑफ ओरिजिन या दोन राज्यांमधल्या वार्षिक मालिकेचे संघ आणि प्रशिक्षक मात्र त्या-त्या राज्याची संघटनाच निवडते.

सहावा_टॅकल: ‘स्वतंत्र’ का, हे २०१२ च्या आधीची रचना पाहिल्याशिवाय कळत नाही. न्यूज लिमिटेड या माध्यम कंपनीने काढलेल्या सुपर लीग या प्रतिस्पर्धी स्पर्धेच्या भांडणात १९९७ साली देशात दोन स्पर्धा समांतर चालल्या. १९९८ पासून एनआरएल सुरू झाली, पण निम्मी भागीदारी न्यूज लिमिटेडकडे राहिली. मेलबर्न स्टॉर्म हा क्लबही त्यांचाच, आणि सामन्यांचे हक्क घेणाऱ्या फॉक्स स्पोर्ट्समध्येही त्यांचा हिस्सा. २०१० मध्ये स्टॉर्मने खेळाडूंच्या मानधनाचे दुहेरी हिशेब ठेवल्याचं उघड झालं. एनआरएलने २००७ आणि २००९ ची विजेतेपदं काढून घेतली, त्या मोसमात गुण द्यायचे नाहीत असंही ठरवलं. शिक्षा कडकच होती. तरी लीगचा निम्मा मालक आणि दोषी क्लबचा मालक एकच, ही गोष्ट खेळाच्या मुळावर येणारी होती. म्हणून न्यूज लिमिटेडला लीगच्या मालकीतून बाहेर काढणारी नवी रचना आवश्यकच होती, असं माझं ठाम मत आहे.

ओव्हल_बॉल: अधिकार कसा वापरला जातो, याचं चांगलं उदाहरण म्हणजे ‘सिक्स अगेन’. रग्बी लीगमध्ये चेंडू हाती असलेल्या संघाला सहा टॅकल (पाडलं जाणं) होईपर्यंतच तो राखता येतो. मे २०२० मध्ये कोविडच्या खंडानंतर स्पर्धा पुन्हा सुरू झाली तेव्हा पीटर व्ही’लँडिस यांच्या अध्यक्षतेखालील कमिशनने दोनऐवजी एकच पंच ठेवला. शिवाय पाडलेल्या खेळाडूवर रेंगाळून पडून राहिल्यास पेनल्टीऐवजी टॅकलची मोजणी नव्याने सुरू, असा नियम आणला. खेळ वेगवान झाला, पण पळवाटही निघाली. समोरचा संघ स्वतःच्या गोलरेषेजवळ पहिल्या-दुसऱ्या टॅकलवर असताना मुद्दाम रेंगाळायचं! मोजणी पुन्हा सुरू झाली तरी त्याच्या पदरात जेमतेम एखादा टॅकल पडतो. बचावाला मात्र रांग लावायला वेळ मिळतो. म्हणून २०२२ मध्ये, चेंडू बाळगणारा संघ स्वतःच्या गोलरेषेपासून ४० मीटरच्या आत असेल तर पूर्ण पेनल्टी, असं ठरलं.

तेरावा_गडी: म्हणजे असा बदल झाला की तो आंतरराष्ट्रीय सामन्यांनाही लागू होतो?

सहावा_टॅकल: आपोआप नाही. तिथले नियम इंटरनॅशनल रग्बी लीग ठरवते. उदाहरणार्थ, २०२१ पासून एनआरएलमध्ये ४० मीटरबाहेरून मारलेल्या फील्ड गोलला (खेळ चालू असताना चेंडूचा टप्पा पाडून तो खांबांमधून मारणं) दोन गुण मिळतात. असला बदल वाचला की तो कोणत्या स्पर्धेपुरता आहे, ते आधी बघा.