भंगारातला 96 दातांचा गिअर आमच्या पिनियनला बसेल का?

अक्कलकोट रोड:
नमस्कार मंडळी. एमआयडीसीत आमचं छोटं मशीन शॉप आहे. एका साखर कारखान्याच्या मिलचा मोठा ओपन गिअर गेलाय. दात शाबूत, पण रिमच आऱ्यापाशी फुटलीय. नवीन कास्टिंगला तीन महिने सांगतात आणि दसऱ्याला बॉयलर पेटणार. एका भंगारवाल्याकडे बाभळीखाली तसाच गिअर सापडला. सरळ दात, 96च, बाहेरचा व्यास टेपने 1990 मिमी. तो म्हणतो, "20 मोड्यूलच आहे (दाताच्या आकाराचं मिमीतलं माप), डोळे झाकून न्या." आमचं पिनियन, म्हणजे त्याला फिरवणारा छोटा गिअर, 20 मोड्यूल, 19 दात, ठणठणीत. डोळे उघडे ठेवून काय काय बघू?

होटगी रोड:
भंगारातला गिअर म्हणजे दुसऱ्याचं दुखणं विकत घेणं. रिम वेल्ड होते का बघा आधी.

जुना फिटर:
ओतीव रिमचं वेल्डिंग, तेही हंगामाच्या तोंडावर? नको ओ.

दातांत दोन मिळवा आणि व्यासाला भागा. 1990 भागिले 98, म्हणजे 20.3. 20 मोड्यूलचा असता तर 1960 भरला असता. दात झिजतो बाजूनं. झिजून गिअर 30 मिमीनं मोठा झालेला मी तरी बघितला नाही. मला हा सव्वा डीपीचा वाटतो, इंचात कापलेला; डीपी म्हणजे व्यासाच्या दर इंचामागं किती दात. 25.4 भागिले 1.25, म्हणजे 20.32.

पण करेक्शन दिलेल्या, म्हणजे मुद्दाम बाहेर सरकवून कापलेल्या दातानंही व्यास वाढतो, म्हणून एवढ्यावर थांबू नका. मीटरभराचा व्हर्निअर न्या. काठावरची बर (धातूची उठलेली धार) घासून 11 दात पकडून माप घ्या, मग 12 दात. वजाबाकी 59.04 आली तर 20 मोड्यूल, 59.99 आली तर सव्वा डीपी, दोन्ही 20 अंश दाबकोनाचे (दाताच्या बाजूचा कल). साडेचौदा अंशाचा असेल तर 60.83 किंवा 61.80. झीज दोन्ही मापांत जवळपास सारखीच, ती वजाबाकीत निघून जाते. चार ठिकाणी मोजा.

मी एकदा हे न करता असलंच पिनियन लावलं होतं. हातानं फिरवताना अडलं, तर बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) वाढवून चालवलं. आठ दिवसांत पिनियनच्या दाताच्या मुळाशी केसासारखी चीर.

अक्कलकोट रोड:
काका, मोजून आलो. 655.6 आणि 715.6. चारही ठिकाणी फरक 59.9 ते 60.1. म्हणजे तुमचाच सव्वा डीपी. भंगारवाला म्हणतो, "पॉइंट तीननं काय होतंय ओ मालक?"

जुना फिटर:
दर दातामागं 1 मिमीचा फरक होतोय म्हणावं.

तुमचं पिनियन चालणार नाही, पण गिअर सोडू नका. 19 दातांचं पिनियन सव्वा डीपीत नवीन कापा, ते महिन्याच्या आत होतं. सेंटर, म्हणजे दोन शाफ्टमधलं अंतर, 1150 वरून 1168.4 मिमीवर जाईल. पेडेस्टल (बेअरिंगचा ठोकळा) तेवढं सरकतंय का बघा. पैसे द्यायच्या आधी ग्रीस आणि गंज काढून चीर दाखवणारी लाल रंगाची चाचणी घ्या: दाताचं मूळ, आरा रिमला मिळतो तो कोपरा, शाफ्टची चावी बसते तो गाळा. आणि दाताच्या बुडाशी बोट फिरवा. पायरी लागली तर नव्या पिनियनचं टोक तिच्यावर आपटणार. तसं असेल तर गिअर उलटा बसवा, म्हणजे न झिजलेली बाजू कामाला येईल. हब (शाफ्ट बसतो तो मधला भाग) दोन्हीकडं सारखा आहे का?

अक्कलकोट रोड:
पायरी आहे, नखाला लागते. हब एका अंगाला 60 मिमी जास्त. पेडेस्टलला 25 मिमी जागा मिळतेय. उलटा केला तर हब बेअरिंगला भिडतो का, ते उद्या कारखान्यात मोजतो. रंगाचे डबे घेऊन आता भंगारवाल्याकडं निघालो.