बाळगुटीतील वेखंड: किती वळसे चालतात?

प्रश्न

माझी नात अडीच महिन्यांची आहे. तिला न्हाऊ घालणाऱ्या बाई सहाणेवर मुरुडशेंग, हळकुंड, जायफळ आणि वेखंड आईच्या दुधात उगाळून चाटवतात. परवा वेखंडाचे दोनऐवजी चार-पाच वळसे पडले आणि अर्ध्या तासात बाळाला दोनदा उलटी झाली. "कफ पडला, बरे झाले," असे बाईंचे म्हणणे. सुनेला ते पटलेले नाही. माझी दोन्ही मुले याच गुटीवर वाढली, त्यामुळे मला काही सुचेना. वेखंडात नेमके असते तरी काय?

उत्तर १

सूनबाईंची शंका रास्त आहे. वेखंड म्हणजे ग्रंथांतील वचा. वाचा, स्मृती आणि पोटातील वात यांसाठी ती सांगितली आहे, पण जास्त मात्रेत ती वांती करवते हेही आयुर्वेदाला ठाऊक आहे. त्यामुळे उलटी झाली ती मात्रा वाढल्याने, गुण आला म्हणून नव्हे. शिवाय पोटात देण्यापूर्वी वचेचे शोधन करतात, म्हणजे गोमूत्र, मुंडी या वनस्पतीचा काढा आणि पंचपल्लवांचा, म्हणजे पाच झाडांच्या पानांचा, काढा यांत ती क्रमाने शिजवतात. दुकानातून आणून थेट सहाणेवर उगाळलेल्या कांडीवर यातले काहीच झालेले नसते.

उत्तर २

वेखंडाचा उग्र वास त्याच्या तेलाचा असून त्यात बीटा-असारोन हा घटक असतो. उत्तर अमेरिकेतील वेखंडात तो जवळजवळ नसतो, तर भारतातील काही वाणांच्या तेलात त्याचाच भरणा असतो. असे तेल दीर्घकाळ दिलेल्या उंदरांच्या आतड्यांत गाठी आढळल्यानंतर अमेरिकेने 1968 मध्ये वेखंड खाद्यपदार्थांत वापरण्यास बंदी घातली. दोन वळशांनी कर्करोग होतो असा याचा अर्थ मुळीच नाही. मात्र वळसा हे मापच नव्हे, कारण सहाण किती खरखरीत, कांडी किती जुनी आणि हात किती जड यावर पोटात जाणारी मात्रा दुपटी-तिपटीने बदलते.

उत्तर ३

पहिले 6 महिने केवळ आईचे दूध द्यावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तेव्हा गुटी थांबवावी आणि पुन्हा उलटी झाली किंवा बाळ सुस्त वाटले तर लगेच बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. वेखंडाची पूड न्हाऊ झाल्यावर बाळाच्या डोक्याला चोळण्याची पद्धत आपल्याकडे आहेच, पण तीही जपून वापरावी, कारण पूड फार हलकी असते आणि पंखा चालू असला की थेट बाळाच्या नाकातोंडात जाते.