डावपेच समजायला महिलांची एकच सायकल शर्यत बघायची तर कोणती? (वेळ: दोन तास)

सायकलवेडी: महिलांच्या रोड रेस नुकत्याच बघायला लागलेय. शेवटचा स्प्रिंट कळतो, पण त्याआधी कोण कोणासाठी राबतंय ते कळत नाही. एखादी जुनी रेस सुचवा. रविवारी जेमतेम दोन तास मिळतील. मोठे घाट नकोत, तिथे फक्त पायांतली ताकद दिसते.

घाटवाली: घाट नकोत असं कसं? २०२४ च्या तूर द फ्रान्स फामचा (महिलांची अनेक टप्प्यांची शर्यत, एकूण वेळ सर्वांत कमी तिची जीत) शेवटचा टप्पा बघ. आधी ग्लँडनचा घाट, मग आल्प द्युएझचा: १३.८ किमी, सरासरी ८ टक्क्यांवर चढ. डेमी व्होलरिंगने ग्लँडनवरच अटॅक केला, म्हणजे वेग वाढवून बाकीच्यांपासून सुटली, टप्पाही जिंकला, तरी तूर ४ सेकंदांनी कासिया नेविआदोमाने नेली. चार तासांच्या वर लागतात, पण मी जागची हलले नव्हते.

मागचं_चाक: ते ४ सेकंद आल्पवर गेलेच नाहीत. पाचव्या टप्प्यात व्होलरिंग पिवळ्या जर्सीत, म्हणजे एकूण वेळेत पहिली असताना, पडली, दीड मिनिटाहून जास्त गमावलं. तूर तिथे गेली.

घाटवाली: पडण्याला डावपेच म्हणत नाहीत.

मागचं_चाक: लीडर पडल्यावर कोण थांबतं, कोण पुढे जातं, हे डावपेचच. तो टप्पा तिच्याच संघाच्या ब्लांका वाशने जिंकला.

दगडी_रस्ता: पॅरिस-रूबे, दगडी फरसबंदीच्या रस्त्यांवरची रेस, २०२१. महिलांची पहिलीच. लिझी डाइग्ननचं काम पहिल्या फरसबंदीवर पुढे राहून आपल्या संघाच्या लीडर्सना सांभाळण्याचं होतं. मागे वळून बघितलं तर कोणी नाही, मग ८० किमीहून जास्त एकटीने रेटलं. मागच्यांनी वेळेत पाठलाग केलाच नाही. शेवटी हँडलबारवर रक्त होतं.

उशिरा_बघणारा: निकाल आधी सांगू नका हो! टोकियो ऑलिंपिकची रेस रात्री बघायला ठेवली होती, मित्राच्या एका मेसेजने नासली. आजही राग येतो.

घाटवाली: तीच रेस २०२१ ची ना? संघाशी बोलायचे रेडिओ नव्हते, आना कीझेनहोफर पुढे आहे हे मागे कळलंच नाही. दुसऱ्या आलेल्या व्हान व्ल्युटनने सुवर्ण जिंकलं समजून हात उंचावले.

नवा_गिअर: आल्प द्युएझचा टप्पा बघा. त्याला तोड नाही.

हुईची_भिंत: वेळ कमी आहे ना? फ्लेश वालोन, एका दिवसाची रेस. शेवटचा चढ इतका उभा की त्याला हुईची भिंत म्हणतात: १.३ किमी, सरासरी ९.६ टक्के. व्हान डर ब्रेगनने २०१५ ते २०२१ सलग सात वेळा जिंकली. पायथ्याशी कोण कितव्या जागी आहे आणि तीव्र वळणाच्या आधी कोण घाई करतं, तेवढंच बघा.

सायकलवेडी: सगळ्यांचे आभार. वाशचं नाव शोधता शोधता पॅरिस ऑलिंपिक सापडलं, २०२४. शेवटचा दीड तास बघितला. मारियाने व्हॉस आणि वाश पुढे होत्या. कोपेकी आणि क्रिस्टन फॉकनरने त्यांना गाठलं आणि फॉकनर न थांबता तशीच निघून गेली, ३ किमी बाकी असताना. स्प्रिंटमध्ये व्हॉस, कोपेकी तिच्याहून तेज, पण पाठलाग केला तर वारा आपण झेलायचा आणि मागे चिकटलेल्या शेजारणीला फुकट ओढून न्यावं लागतं. तिघींपैकी कोणीच ते केलं नाही. फॉकनर ५८ सेकंदांनी जिंकली. तो थबकण्याचा क्षण मी चारदा मागे नेऊन बघितला.

घाटवाली: आल्प राहिलाच म्हणजे.