अमेरिकेत डेंटिस्ट व्हायचंय: मेजर बायोलॉजी की अकाउंटिंग?

कडुनिंब:
इथल्या मराठी घरांत मूल ‘डेंटिस्ट व्हायचंय’ म्हणालं की आईबाप डोळे मिटून बायोलॉजी मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, घ्यायला लावतात. डेंटल स्कूल मेजर बघून प्रवेश देत नाही, ठरावीक विषय झालेत का ते बघतं. बहुतेक ठिकाणी बायोलॉजी, जनरल केमिस्ट्री, ऑरगॅनिक केमिस्ट्री आणि फिजिक्स, लॅबसकट प्रत्येकी ८ क्रेडिट, वर बायोकेमिस्ट्री. पदवी साधारण १२० क्रेडिटची. उरलेल्या जागेत अकाउंटिंग बसतं. पुढे स्वतःचा दवाखाना टाकायचा तर हिशेब कळायला हवा. आणि प्रवेश हुकला तर नुसत्या बायोलॉजीच्या बीएसवर काय करणार?

सदाफुली:
बसतं, पण कोंबून. अडचण क्रेडिटची नाही, क्रमाची आहे. पहिल्या वर्षी जनरल केमिस्ट्री, दुसऱ्या वर्षी ऑरगॅनिक, मग बायोकेमिस्ट्री. जूनच्या सुरुवातीला अर्ज जायचे, म्हणजे तिसरं वर्ष संपता संपता डॅट, म्हणजे डेंटल स्कूलची प्रवेश परीक्षा, उरकलेली हवी. अकाउंटिंगच्या तासांपायी पहिल्या वर्षीची केमिस्ट्री राहिली की पुढचं सगळं वर्षभर सरकतं.

दुसरं म्हणजे जीपीए, ग्रेडची सरासरी (ए म्हणजे ४, बी ३, सी २). एएडीएसएएस ही अर्जयंत्रणा बायोलॉजी-केमिस्ट्री-फिजिक्सचा जीपीए वेगळा काढते. बाकी सगळे ए आणि ऑरगॅनिकच्या ४ क्रेडिटला सी, असं धरा. विज्ञानाची क्रेडिट ३२च असतील तर हा आकडा ३.७५, बायोलॉजीवाल्याची ६४ असतील तर ३.८८. एक सी पचवायला तेवढं पोट मोठं लागतं. विषय पुन्हा घेतला तरी जुनी ग्रेड पुसली जात नाही, दोन्ही धरतात.

कडुनिंब:
तुमच्या गणितात वरच्या ३२ क्रेडिटलाही ए गृहीत धरलाय! जेनेटिक्स, सेल बायोलॉजीच्या वर्गात अर्धे डॉक्टर व्हायला निघालेले प्री-मेडवाले, त्यात कर्व्ह, म्हणजे ग्रेड इतरांच्या तुलनेत. तिथे दोन बी पडले की फायदा पुसला.

रानवाट:
डॅटपुरतं बोलायचं तर बायोलॉजीचे ४० प्रश्न, केमिस्ट्रीचे जनरल ३० आणि ऑरगॅनिक ३०, फिजिक्स शून्य. त्या ४० प्रश्नांचा आवाका मात्र फार पसरट, फिजिऑलॉजीपासून इकॉलॉजीपर्यंत. नुसत्या ८ क्रेडिटवाल्याला बरंच एकट्याने वाचावं लागतं. डॅटमधल्याच पर्सेप्च्युअलच्या ९० प्रश्नांना, म्हणजे कोन लावणं, घड्या उलगडणं, ठोकळे मोजणं याला, दोन्ही मेजर सारखीच निरुपयोगी. तिथे रोजचा सरावच.

एपीच्या, म्हणजे हायस्कुलात केलेल्या कॉलेज-पातळीच्या विषयांच्या, भरवशावर कॉलेजातली केमिस्ट्री सोडू नका, काही डेंटल स्कूलं ती क्रेडिट धरत नाहीत. यादी आधी बघा.

सदाफुली:
रानवाट, हेच म्हणते मी. आणि हिशेबच शिकायचा तर अकाउंटिंगचा मायनर, म्हणजे छोटा जोडविषय, पुरे की.

कडुनिंब:
दवाखान्यापुरता पुरे. पण १ जुलै २०२६पासून नव्या विद्यार्थ्यांना ग्रॅड प्लस हे पदवीनंतरच्या शिक्षणाचं सरकारी कर्ज बंद. उरलेलं सरकारी कर्ज वर्षाला जास्तीत जास्त ५०,००० डॉलर, एकूण २,००,०००. कित्येक खासगी डेंटल स्कूलांचा वर्षाचा खर्चच लाखावर जातो. प्रवेश मिळूनही पैशापायी थांबावं लागलं, तर नुसत्या मायनरवर अकाउंटंटची नोकरी देणार कोण?