मदत हवी आहे: स्पेक्ट्रमच्या निनावी साउंड कार्डातल्या रिकाम्या सॉकेटमध्ये कोणता आयसी?

मंडळी, झेडएक्स स्पेक्ट्रम ४८के या जुन्या घरगुती संगणकाच्या मागच्या कनेक्टरला लागणारं, नाव-नंबर नसलेलं कार्ड आहे. त्यावर एवाय-३-८९१२ (आवाज काढणारी चिप), ७४एलएस१३८ (पत्ता ओळखणारा डिकोडर), ७४एलएस७४ (फ्लिप-फ्लॉप) आणि एक रिकामं १४ पिनांचं सॉकेट. आवाज अजिबात नाही, कारण ८९१२ च्या बीडीआयआर (पिन १८) आणि बीसी१ (पिन २०) या नियंत्रण पिना त्या सॉकेटलाच जोडलेल्या आहेत.

मल्टिमीटरने माग काढला तो असा. १३८ च्या पिन १, २, ३ वर ए५, ए६, ए७ या पत्त्याच्या रेषा; ४ वर आयओआरक्यू (पोर्ट वापरल्याची खूण), ५ वर डब्ल्यूआर (लिहिण्याची खूण). त्याची पिन १४ सॉकेटच्या १, २ आणि ४ ला जाते, पिन १३ फक्त ५ ला. सॉकेटची ३ बीसी१ ला, ६ बीडीआयआरला. म्हणजे ७४एलएस०० (चार नॅन्ड गेटांचा आयसी) च हवा आणि पोर्ट ६३ व ९५, अगदी फुलर बॉक्स या स्पेक्ट्रमच्या जुन्या साउंड कार्डासारखे. कोणी हे तपासून सांगेल का? मग चाचणी सोपी: ८९१२ च्या रजिस्टर ७ मध्ये ६२, ८ मध्ये १५, ० मध्ये २४९. घड्याळ १.७५ मेगाहर्ट्झ, तेव्हा साधारण ४३९ हर्ट्झचा सूर यायला हवा.

खरी अडचण पुढे आहे. स्पेक्ट्रमच्या १२८के मॉडेलचं संगीत पोर्ट ६५५३३ आणि ४९१४९ वर लिहितं. दोन्हींचा खालचा बाइट सारखाच, त्यामुळे या १३८ ला फरक कळत नाही. १, २, ३ वर ए१४, ए१५, ए१ आणून आउटपुट १२ आणि १३ वरून घेतले तर जमेल?

कनेक्टरच्या खाचेतली पट्टीही तुटली आहे. एक घर सरकलं की ५ व्होल्टच्या रेषेवर थेट ९ व्होल्ट! २८ जोड्यांचा, पट्टीसकट कनेक्टर वडोदऱ्यात, दांडिया बाजार-रावपुऱ्याकडे कुणाकडे मिळेल?