पुंटोला स्विफ्टचा किंवा व्हिस्टाचा ब्लॉक बसतो का? १.३ मल्टिजेट

पुंटोवाला_कोल्हापूर

नमस्कार मंडळी, गाडी ग्रँड पुंटो १.३ मल्टिजेट, २०११ चं मॉडेल, ७६ पीएसवाली. वडिलांनी घेतलेली गाडी आहे, आता ते नाहीत, त्यामुळं विकायचा विषयच नाही हे आधीच सांगतो. मागच्या महिन्यात राधानगरीकडून येताना रस्त्यावरच्या दगडाला इंजिनाखालचं ऑइलचं चेंबर घासलं, ऑइल गळायला लागलं ते अंधारात कळलंच नाही, लाल दिवा लागला तेव्हा वाटलं दोन किलोमीटरवर गाव आहे तिथं थांबवू. तेवढ्यात खडखड सुरू झाली आणि गाडी बंदच पडली.

इंजिन उतरवलंय. तिसऱ्या सिलिंडरच्या रॉडचं बेरिंग फिरलंय, क्रँकचा तो जर्नल (बेरिंग बसतं तो गोल भाग) निळा पडलाय, आणि त्याच सिलिंडरच्या भिंतीवर उभे ओरखडे आहेत, नख अडकतंय. मिस्त्री म्हणतोय ब्लॉक (सिलिंडर ज्यात असतात तो इंजिनाचा मुख्य भाग) गेला, फियाटचा नवीन ब्लॉक आता कुठं मिळणार, पण स्विफ्ट डिझेलचं इंजिन म्हणजे हेच इंजिन, भंगारात पाहिजे तेवढी मिळतात, त्याचा ब्लॉक आणून टाकू. दुसरा एकजण म्हणतो टाटा व्हिस्टाचा घे. कुणी केलंय का हे? आणि नेमकं काय काय जुळतं, काय जुळत नाही?

डिझेलमिस्त्री_पुणे

भावा, आधी गाडीबद्दल वाईट वाटलं. पुंटोचं स्टिअरिंग ज्यानं हाताळलंय त्याला विकायचं नाही म्हणजे काय ते कळतं.

तुझा मिस्त्री मुळात चुकीचं बोलत नाहीये. फियाटचं १.३ मल्टिजेट आपल्याकडं बऱ्याच गाड्यांत गेलं. पुंटो आणि लिनिया, टाटाच्या व्हिस्टा, मांझा, नंतर झेस्ट आणि बोल्ट यांत क्वाड्राजेट म्हणून, मारुतीच्या स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, अर्टिगा, सियाझमध्ये डीडीआयएस म्हणून. सगळीकडं १२४८ सीसी, बोअर ६९.६ मिमी, स्ट्रोक ८२ मिमी, चेन टायमिंग, १६ व्हॉल्व्ह. मारुतीनं लायसन्स घेऊन मानेसरला बनवलं, फियाट आणि टाटासाठीची इंजिनं आपल्या रांजणगावच्या कारखान्यातून निघायची. म्हणून ब्लॉक, क्रँक, रॉड, पिस्टन हा गाभा एकाच घराण्यातला.

पण गाभा एक म्हणजे आख्खं इंजिन उचलून ठेवलं आणि बोल्ट आवळले असं होत नाही. मारुतीनं स्वतःचा गिअरबॉक्स लावलाय, माउंटिंगचे ब्रॅकेट वेगळे, चेंबरचा आकार, ऑइल फिल्टरचं हाउसिंग, एसी कॉम्प्रेसर आणि अल्टरनेटरचे ब्रॅकेट, टर्बोच्या ऑइलच्या नळ्या, यातलं बरंच काही वेगळं निघतं. त्यात ७५-७६ पीएसच्या इंजिनाला साधा टर्बो आणि ९० किंवा त्याच्या वरच्याला व्हेरिएबल टर्बो, म्हणजे लिनियाचं, मांझाचं नाहीतर अर्टिगाचं इंजिन आणलंस तर पिस्टनवरची वाटी आणि कॉम्प्रेशन रेशो तुझ्या इंजिनाशी जुळतात का ते पार्ट नंबर लावून बघितल्याशिवाय हात लावू नको. व्हिस्टाचं ७५ पीएसवालं तुला सगळ्यात जवळचं.

दुसरा ब्लॉक घ्यायचाच असेल तर ब्लॉक आणि त्याच्या खालचा ॲल्युमिनियमचा क्रँककेस ही जोडी एकत्रच घे. मेन बेरिंगची घरं दोन्ही एकमेकांना आवळून बोअर केलेली असतात, एकाचं वरचं आणि दुसऱ्याचं खालचं लावलं की क्रँक हातानं फिरणार नाही. बाहेरचं सगळं तुझंच ठेव: इंजेक्टर, हायप्रेशर पंप, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), वायरिंग, फ्लायव्हील. ईसीयू तुझा राहिला म्हणजे इमोबिलायझरची (चोरी रोखणाऱ्या लॉकची) कटकट नाही आणि इंजेक्टर तुझे राहिले म्हणजे त्यांचे कोड परत भरायला नकोत.

पासिंग_काका

मिस्त्रींनी लोखंडाचं सांगितलं, मी कागदाचं सांगतो, कारण यात पोरं अडकतात ते मी बघितलंय.

इंजिन नंबर कुठं असतो? ब्लॉकवर. हेड बदला, क्रँक बदला, पिस्टन बदला, आरटीओला त्याच्याशी देणंघेणं नाही. ब्लॉक बदलला की आरसीवरचा नंबर आणि गाडीतला नंबर वेगळा झाला. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली इंजिन बदललं तर १४ दिवसांच्या आत आरटीओला कळवून आरसीवर नोंद करून घ्यावी लागते, आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलंय की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनला सोडून गाडीत बदल चालणार नाही. आता फियाटच्या गाडीत मारुतीच्या नंबरचा ब्लॉक घेऊन उभा राहिलास तर साहेबाला काय सांगणार, की आतून एकच आहे म्हणून? व्हिस्टाचा आणलास तरी कंपनी दुसरीच.

त्यात तुझी गाडी २०११ ची. १५ वर्षं भरली की परत पासिंग. तिथं चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासून छाप घेतात आणि इंजिन नंबर बॅटरी मारून वाचतात. नंबर जुळला नाही की गाडी तिथंच बाजूला लावायची. मध्ये अपघात झाला तर इन्शुरन्सचा सर्व्हेअरपण तेच बघणार.

आणि भंगारातला ब्लॉक ज्या गाडीचा आहे तिच्या आरसीची कॉपी आणि पक्कं बिल असल्याशिवाय घेऊ नकोस. चोरीच्या गाडीचा निघाला तर पोलीस तुझ्या दारात येतील, विकणारा सापडणार नाही. नंबर घासून आपला जुना पंच करून देतो असं कुणी म्हणालं तर तिथून सरळ उठून ये, तो गुन्हा आहे.

पुंटोवाला_कोल्हापूर

काका, हे डोक्यातच आलं नव्हतं, खरंच आभार. मिस्त्रीनं तर नंबर पंच करून देतो असंच सांगितलेलं, कागदाचं एक अक्षर बोलला नाही. मग आता काय, गाडी अशीच ठेवायची का? पुढच्या पासिंगच्या आत उभी करायचीय काहीही करून.

उद्यमनगर_बोअरिंग

अरे कोल्हापुरात राहतोस आणि ब्लॉक गेला म्हणून बसलायस व्हय. आधी एक सांग, ब्लॉकला भोक पडलंय का? रॉड बाहेर आलाय का? तडा आहे का? मेन बेरिंगची घरं कशी आहेत?

पुंटोवाला_कोल्हापूर

भोक नाही दादा, रॉड तुटलेला नाही, नुसतं बेरिंग फिरलंय. मेन बेरिंगचे शेल काढून बघितले, त्यांच्यावर रेघा आहेत पण मागं घरात फिरलेले नाहीत. ओरखडे फक्त तिसऱ्यात, बाकी तिन्हीत क्रॉसच्या रेषा अजून दिसतात.

उद्यमनगर_बोअरिंग

मग ब्लॉक गेला म्हणणाऱ्याच्या हातात गाडी परत देऊ नको. हा ब्लॉक बिडाचा आहे, ॲल्युमिनियमचा नव्हे. बिडाच्या ब्लॉकला स्लीव्ह (सिलिंडरच्या आत बसणारी नळी) बसते. तिसरा सिलिंडर मोठा करायचा, स्लीव्ह दाबून बसवायची, परत ६९.६ ला आणून होनिंग (भिंत बारीक दगडानं घासून घेणं) करायचं, म्हणजे पिस्टन स्टँडर्ड साइजचाच चालतो. फक्त याच्यात दोन बोअरमधली भिंत लई बारीक आहे, छोटं इंजिन ना, त्यामुळं ज्यानं आधी मल्टिजेट केलंय त्याच्याकडंच दे. आणि बोअरिंगच्या आधी प्रेशर टेस्ट करून तडा नाही याची खात्री करायला लाव, मध्ये पाणी झिरपलं तर सगळी मेहनत फुकट.

भंगारातलं व्हिस्टाचं इंजिन मग कशाला घ्यायचं तर क्रँक आणि रॉडसाठी. क्रँक मोजून घे, रॉडचे आणि मेनचे सगळे जर्नल मायक्रोमीटरनं, डोळ्यानं नाही. रॉड आणि त्याची टोपी जशी आहे तशीच जोडी, या रॉडची टोपी त्या रॉडला अजिबात नाही. असं केलंस तर ब्लॉक तुझा, नंबर तुझा, काकांच्या साहेबाला दाखवायला काही बदललेलंच नाही.

आणखी एक, हे लोक हमखास विसरतात आणि मग दोन महिन्यांत तेच बेरिंग परत जातं. फिरलेल्या बेरिंगचा चुरा ऑइलबरोबर सगळीकडं गेलाय. ब्लॉकच्या ऑइलच्या वाटा, त्यांचे प्लग काढून, ब्रशनं आणि प्रेशरनं धुवायच्या. ऑइल पंप उघडून बघ, चेंबरमधली जाळी धू, ऑइल कूलर मात्र नवा टाक, त्याच्या आतला चुरा कितीबी धुतला तरी निघत नाही. टर्बोचा शाफ्ट बोटानं हलवून बघ, तोपण ऑइलविना पळालाय.

डिझेलमिस्त्री_पुणे

उद्यमनगरवाल्या दादांचं शंभर टक्के बरोबर, मी ब्लॉक बदलायचा धरूनच उत्तर दिलं होतं, हे आधी विचारायला हवं होतं. जोडताना दोन गोष्टी. हेड गॅस्केट वेगवेगळ्या जाडीची येते, पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो ते डायल गेजनं चारी ठिकाणी मोजून त्याप्रमाणं घ्यायची, जुनी होती तीच आण असं नाही, कारण आता रॉड आणि क्रँक दुसरे आहेत. हेडचे बोल्ट नवेच, जुने ताणलेले असतात. आणि चेन काढलीच आहे तर चेन, टेन्शनर, गाइड सगळं नवं घाल, टायमिंग लॉक करायची पिनांची टूल्स असल्याशिवाय अंदाजानं लावू देऊ नकोस, एक दात चुकला की व्हॉल्व्ह वाकले.

पुंटोवाला_कोल्हापूर

आज ब्लॉक रिक्षात घालून उद्यमनगरात नेला. प्रेशर टेस्ट झाली, तडा नाही. नंबरवरचं ऑइल पुसून फोटो काढला आणि आरसीशी एकेक अक्षर लावून बघितलं, जुळतंय. तिसऱ्याला स्लीव्ह बसेल म्हणाले, बाकी तीन नुसते होन करणार. व्हिस्टाचा क्रँक एकाकडं आहे, बिल देतोय, उद्या मोजायला आणायचाय. सगळ्या जर्नलचं माप आलं की इथं टाकतो, दादा, घ्यायच्या आधी तुम्ही एकदा बघून सांगा.