शब्दचर्चा : ‘ध्वनिस्वाक्षरी’ नको, मग काय?

नौपाडेकर : हेडफोनच्या कंपन्यांचा आपापला आवाज असतो, त्याला इंग्रजीत ‘साउंड सिग्नेचर’ म्हणतात. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकाने ‘ध्वनिस्वाक्षरी’ लिहिलं. सही जुळत नाही म्हणून चेक परत आल्यासारखं वाटलं. बरा शब्द आहे का?

ऐरोली सेक्टर आठ : ‘घराणं’ काय वाईट? सेनहायझर १९४५पासूनचं जर्मन घराणं. ग्रॅडो ब्रुकलिनचं, १९५३चं, अजून त्याच कुटुंबाकडे.

डग्गा-तबला : घराण्यात तालीम आली, गुरू आला. तबल्यात नेमका शब्द आहे, ‘बाज’, म्हणजे वाजवण्याची धाटणी. दिल्ली बाज चाटेवरचा, म्हणजे तबल्याच्या कडेवरचा, दोन बोटांचा. पूरब बाज खुला, पंजाचा. डोळे मिटून ऐकलं तरी कळतं. ग्रॅडोचा बाज पुढ्यात येऊन बसणारा, गिटारच्या तारेवरचं नखसुद्धा ऐकवणारा. सेनहायझरचा एचडी ६५० मऊ. त्यावर ‘पडदा’ असल्याची तक्रार जुनी आहे. मी ‘मलमलीआडचा’ म्हणेन. पण त्याच कंपनीचा एचडी ८०० चांगलाच धारदार. म्हणजे घराणं एक, बाज दोन!

नौपाडेकर : बाज घेतला, काका. मग बेस म्हणजे खर्ज आणि ट्रेबल म्हणजे टीप ना?

डग्गा-तबला : खर्ज चालेल, टीप नाही. हिशोब करून बघा. काळी एकचा (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीचा) पुरुषी सा साधारण १३९ हर्ट्झ, खर्जाचा सा त्याच्या निम्मा, ६९. बेस तिथलाच. उलट टिपेचा सा २७७वरच येतो, आणि ट्रेबल म्हणतात ते चार-पाच हजारांच्याही वर. तिथे गाण्याचा मूळ सूर नसतोच. असते ती स्वयंभू स्वरांची, म्हणजे मूळ सुरासोबत आपोआप उमटणाऱ्या वरच्या स्वरांची झाक, झांजेची किणकिण आणि ‘स’, ‘श’मधली हवा. त्याला ‘धार’ म्हणा. बायरडायनॅमिकच्या डीटी ९९०ला ती इतकी आहे, की काही रेकॉर्डिंगांत ‘स’ कानाला चावतो.

सानपाडा : पण ‘खर्ज जास्त’ कुठे बसून म्हणायचं? दुकानात ढोलताशा वाटलेला माझा हेडफोन ठाणे-वाशी लोकलमध्ये बेताचा वाटतो. गाडीची घरघर त्याच पट्टीतली, ती खर्ज गिळते. रबाळ्याला गाडी उभी राहिली की डग्गा पुन्हा बोकांडी.

ऐरोली सेक्टर आठ : दादा, तो बाज नव्हे, गाडीचा गुण! दुकानदार त्याला ‘मस्त घुमतो’ म्हणाला असेल.

सानपाडा : अगदी हेच म्हणाला.

डग्गा-तबला : मग त्याने खरं सांगितलं, तुम्ही चुकीचं ऐकलंत. घुमारा असणं हे कौतुक, घुमणं ही तक्रार. डग्ग्याला घुमारा असतो. मंडपातला माइक घुमतो.